साथरोग आणि घर : फलटण परिसरातील कौटुंबिक जीवनाचा एक ऐतिहासिक अभ्यास (१८९६ ते २०२२)

प्रस्तावना

दि. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ च्या तरतुदी राज्यात लागू केल्या. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीला आळा घालण्यासाठी दि. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला हा कायदा १२३ वर्षांनंतर कोविड-१९ या विषाणुजन्य रोगासाठी वापरात आला. कायदा तोच राहिला. परंतु त्या कायद्याच्या आधारे सरकारने कुटुंबाला दिलेला आदेश मात्र दोन्ही वेळी परस्परविरोधी होता. प्लेगच्या काळात आदेश होता, ‘घर सोडा’. कोविडच्या काळात आदेश होता, ‘घरात राहा’. या दोन आदेशांच्या दरम्यान ‘घर’ या संकल्पनेत झालेले परिवर्तन हा सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा, तथापि काहीसा दुर्लक्षित राहिलेला विषय होय.

साथींचा इतिहास लिहिताना सामान्यतः मृत्यूची आकडेवारी, शासनाची धोरणे आणि वैद्यकीय शोध यांना प्राधान्य दिले जाते. घरातील चूल, ओसरी, मुलांचा अभ्यास, स्त्रियांचे श्रम या बाबी त्या इतिहासात क्वचितच येतात. प्रस्तुत लेखात फलटण आणि सभोवतालच्या सातारा जिल्ह्याच्या संदर्भात या बाबींचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) साथीच्या काळात घर, काम आणि शिक्षण यांच्या परस्परसंबंधांत झालेल्या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) प्लेग (१८९६ नंतर), इन्फ्लुएन्झा (१९१८) आणि कोविड-१९ (२०२० ते २०२२) या तीन साथींतील कौटुंबिक जीवनाची तुलना करणे.
३) घरातून काम व घरातून शिक्षण या व्यवस्थेचा भार कुटुंबातील कोणत्या घटकांवर पडला याचा शोध घेणे.

पूर्वपीठिका : घराबाहेर गेलेले काम आणि शाळा

घरातून काम करणे ही एकविसाव्या शतकाची निर्मिती आहे असा समज २०२० मध्ये प्रचलित झाला. ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिल्यास हा समज टिकत नाही. कुंभाराचे चाक, सुताराचा नेट, चांभाराची रापी, कोष्ट्याचा माग ही सर्व कामे घरात किंवा घराच्या अंगणातच चालत. कुटुंबातील मुले तेथेच बसून धंदा शिकत. जी थोडी अक्षरविद्या उपलब्ध होती तीही पंतोजींच्या ओसरीवर किंवा देवळात मिळत असे आणि ती प्रायः उच्चवर्णीय मुलग्यांपुरती मर्यादित होती. घरात शिक्षण होते याचा अर्थ, ज्या घरात जे होते तेवढेच मुलाला मिळत होते.

ही चौकट मोडण्याचे कार्य शाळेने केले. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे दि. ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात जोतीराव फुले यांच्यासमवेत मुलींच्या शिक्षणाचे जे कार्य आरंभिले, त्याचा गाभा मुलीला उंबऱ्याबाहेर आणून शिकविणे हा होता. पुढे दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि वसतिगृहाच्या माध्यमातून बहुजन समाजातील मुलांना घराच्या आर्थिक मर्यादेबाहेर काढले. फलटण हे नाईक निंबाळकर घराण्याचे संस्थान सातारा एजन्सीच्या देखरेखीखाली होते. १९०१ च्या शिरगणतीनुसार त्याची लोकसंख्या ४५,७३९ इतकी होती. विसाव्या शतकात नीरा उजव्या कालव्याचे पाणी, १९३० च्या दशकात साखरवाडी येथे सुरू झालेला साखर कारखाना, विद्यालये, महाविद्यालय आणि अलीकडील औद्योगिक वसाहत यांमुळे काम व शिक्षण ही दोन्ही अंगे क्रमाक्रमाने घराबाहेर गेली. सुमारे शंभर वर्षांच्या या प्रक्रियेला २०२० मध्ये काही दिवसांत उलटी दिशा मिळाली. म्हणूनच कोविडकाळातील घर समजून घेण्यासाठी हा पूर्वेतिहास लक्षात घेणे अगत्याचे ठरते.

प्लेग : रिकामे झालेले घर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ च्या प्रारंभापर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी लोकसंख्या शहर सोडून गेली. गिरण्यांत व गोदीत काम करणारा सातारा व कोकणातील श्रमिक गावाकडे परतला आणि त्याच्याबरोबर साथही आतील प्रदेशात शिरली. पुण्यात १८९७ च्या मार्चपासून गोऱ्या सैनिकांकडून घरझडती सुरू झाली. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली यांपैकी काहीही वर्ज्य राहिले नाही. या अपमानाचा उद्रेक दि. २२ जून १८९७ च्या रँड व आयर्स्ट यांच्यावरील हल्ल्यात झाला, हे सर्वज्ञात आहे.

ग्रामीण भागात मात्र वेगळी रीत रूढ झाली. घरात उंदीर पडू लागले की गाव रिकामे करून लोक माळावर किंवा शेतात झोपड्या बांधून राहात. प्रारंभी सक्तीने राबविलेला हा उपाय पुढे लोकांनी स्वतःहून स्वीकारला आणि सरकारनेही तोच परिणामकारक मानला. दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या आठवणींत ‘प्लेगात गाव माळावर गेलं’ हा उल्लेख सर्रास आढळतो. घर हेच रोगाचे स्थान ठरल्यामुळे कुटुंब उघड्यावर आले. चूल तीन दगडांवर मांडली गेली, दाणागोटा पोत्यांत आला, जनावरे झोपडीशेजारी बांधली गेली. शेतीचे काम थांबले नाही, उलट झोपडी शेताच्या अधिक जवळ आली. शाळा मात्र बंद पडली. तथापि शाळेत जाणारी मुले संख्येने इतकी अल्प होती की शाळा बंद पडणे हा बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता.

या साथीत ज्या शिक्षिकेचे स्मरण अटळ ठरते त्या सावित्रीबाई फुले होत. डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ उभारलेल्या दवाखान्यात रुग्ण आणताना त्यांना संसर्ग झाला आणि दि. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

साथ ओसरल्यानंतरही घर पूर्ववत होत नसे. यशवंतराव चव्हाण लहान असतानाच त्यांचे वडील बळवंतराव प्लेगने दगावले. निरक्षर विठाईंनी हलाखीत मुलांना वाढविले आणि शिकविले. महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या बालपणाची ही कहाणी अपवाद म्हणून सांगितली जाते. तशाच परिस्थितीत ज्यांचे शिक्षण कायमचे थांबले, अशा असंख्य मुलांची नोंद मात्र इतिहासात नाही.

इन्फ्लुएन्झा १९१८ : आजारी पडलेले घर

जून १९१८ मध्ये मुंबईत प्रविष्ट झालेल्या इन्फ्लुएन्झाची दुसरी, अधिक घातक लाट त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली. मराठी मुलखात हा रोग ‘मानमोडी’ या नावाने ओळखला गेला. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत दिले जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, यावरून या आपत्तीची व्याप्ती ध्यानात येते. त्याच वर्षी पावसानेही ओढ दिली होती.

या साथीत घर सोडून जाण्याला अर्थ उरला नाही, कारण रोग श्वासावाटे पसरत होता. एकाच घरात सर्वजण एकाच वेळी अंथरुणाला खिळले. पाणी भरण्यास, पेज करण्यास, जनावरांना वैरण टाकण्यास उठणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्रीच असे. भारतात या साथीत स्त्रियांचे मृत्युप्रमाण पुरुषांपेक्षा अधिक राहिले. शुश्रूषेचा भार आणि अपुरे पोषण ही त्यामागील प्रमुख कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत. घरातील सेवा ही मोबदल्याविना आणि जीव धोक्यात घालून केलेली मजुरी असते, ही बाब १९१८ च्या साथीने प्रथम संख्येने सिद्ध केली असे म्हणता येईल.

कोविड-१९ : गच्च भरलेले घर

दि. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत शाळा-महाविद्यालये बंद झाली, दि. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि दि. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. १८९७ प्रमाणेच मुंबई-पुण्यातील माणूस गावाकडे निघाला. सातारा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचा एक पाय मुंबईच्या माथाडी बाजारात किंवा पुण्याच्या कारखान्यात असल्याने हा ओघ मोठा होता. मात्र या वेळी गावाच्या वेशीवर अडसर घातलेले होते आणि येणाऱ्यास चौदा दिवसांचे विलगीकरण होते. अनेक गावांत त्यासाठी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळाच उपयोगात आणली गेली. गावातील मूल ज्या वर्गात बसू शकत नव्हते त्याच वर्गात त्याचा चुलता सतरंजी टाकून झोपत होता आणि शाळेतील शिक्षक नाक्यावर किंवा घरोघरच्या सर्वेक्षणाच्या कामावर नेमलेला होता. घर शाळा झाले आणि शाळा घर झाली, हे या काळाचे यथार्थ वर्णन होय.

‘घरातून काम’ या शब्दप्रयोगाखाली प्रत्यक्षात अगदी भिन्न गोष्टी घडत होत्या. पुण्याच्या संगणक कंपनीतील नोकरदार मुलगा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. त्याचा पगार चालू राहिला. कारखान्यातील यंत्रावरचा कामगार घरी बसला, परंतु त्याचे यंत्र घरी येऊ शकत नव्हते. शेतकऱ्याचे काम तर कधी घरापासून तुटलेलेच नव्हते. गाई-म्हशींच्या धारा दोन्ही वेळा काढाव्याच लागत. मागणी घटल्याने राज्य शासनाने प्रतिदिन १० लाख लिटर अतिरिक्त दूध भुकटीसाठी खरेदी करण्याचा निर्णय घेतला होता. ऊसतोड मजुरांची स्थिती याहूनही वेगळी होती. हंगाम संपूनही पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून अधिक मजूर अडकून पडले होते आणि एप्रिल २०२० च्या मध्यानंतर त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. ‘घरात राहा’ हा आदेश पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाला कसा लागू करावा, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते.

फलटणकरांच्या दृष्टीने या काळाची आणखी एक खूण म्हणजे न आलेली पालखी. आळंदीहून पंढरपूरकडे जाणारी श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने जाते आणि त्या दिवसांत या परिसरातील घरे वारकऱ्यांसाठी उघडी असतात. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या. परक्याला जेवू घालणारे घर या दोन वर्षांत परक्यापासून जपले जाणारे घर झाले. पायी वारी २०२२ मध्ये पूर्ववत सुरू झाली.

घरातील शाळा : भ्रमणध्वनी, खोली आणि वेळ

शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे धोरण स्वीकारले. दीक्षा अॅप, व्हॉट्सअॅप गट, आणि दि. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही मालिका ही त्याची साधने होती. जगाच्या इतिहासात या प्रयोगास पूर्वाधार आहे. १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे अमेरिकेतील शिकागो शहरात शाळा उघडणे लांबले असता तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांना रेडिओवरून पाठ देण्यात आले. तेव्हाही ज्या घरी रेडिओ नव्हता किंवा ज्या घरी रेडिओ एक आणि मुले अनेक होती, तेथे हा उपक्रम अडला. शिकागोतील तो प्रयोग मात्र काही आठवड्यांचा होता.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांतील ही वाढ लक्षणीय आहे. टाळेबंदीत उत्पन्न आटलेले असतानाही अनेक कुटुंबांनी शेळी विकून, उसनवारी करून मुलांसाठी फोन घेतला, हे ग्रामीण महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर होते. फोन वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जात असे आणि सायंकाळी घरी येत असे. तोपर्यंत तासिका संपलेली असे. दोन भावंडांची तासिका एकाच वेळी आली तर बहुधा मुलगी बाजूला होत असे, कारण तिच्यासाठी स्वयंपाकघरात काम तयारच होते. दोन खोल्यांच्या घरात आजोबांचा खोकला, टीव्ही, मिक्सर आणि प्राध्यापकांचे व्याख्यान एकत्र ऐकू येत. कॅमेरा सुरू करण्यास विद्यार्थी का कचरतात, याचे कारण अनेकदा त्यांच्या पाठीमागील भिंतीत असे. वर्गात सर्वांना सारखाच बाक मिळतो. घराच्या भिंती मात्र कुटुंबाची परिस्थिती झाकत नाहीत.

माण, खटावच्या माळरानावर आणि डोंगरपट्ट्यात ‘रेंज’ हा आणखी एक प्रश्न होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने भर पावसाळ्यात डोंगरावर झोपडी उभारून ऑनलाइन तासिका केल्याचे वृत्त २०२० मध्ये गाजले. प्लेगच्या काळात कुटुंबे रोग टाळण्यासाठी माळावरच्या झोपडीत गेली. सव्वाशे वर्षांनी एक विद्यार्थिनी शिक्षण मिळविण्यासाठी डोंगरावरच्या झोपडीत गेली. या दोन झोपड्यांमधील अंतर म्हणजेच या काळात ग्रामीण समाजात शिक्षणाला प्राप्त झालेले मूल्य होय. १८९७ मध्ये शाळा बंद पडल्याने ज्यांचे काहीही अडले नव्हते, त्यांच्या पणत्यांचे २०२० मध्ये सर्व काही अडले होते.

स्त्रियांचे श्रम : अदृश्य पाळी

२०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. ही स्थिती साथीपूर्वीची आहे. त्यानंतर सर्व माणसे दिवसभर घरी आली. दोन वेळचा स्वयंपाक चार वेळचा झाला, भांडी आणि धुणे वाढले, शाळेतील पोषण आहाराचे शिजलेले जेवण बंद होऊन त्याऐवजी शिधा घरी आला आणि तो शिजविण्याचे कामही घरात आले. त्यावर मुलांच्या अभ्यासाची जबाबदारी आली. जी माता स्वतः सातवी-आठवीपर्यंत शिकली होती तिच्याकडून दहावीच्या अभ्यासावर देखरेख अपेक्षित होती. नोकरदार स्त्रीच्या बाबतीत, विशेषतः शिक्षिकांच्या बाबतीत, एकाच वेळी तासिका घेणे आणि स्वतःच्या मुलाला दुसऱ्याच्या तासिकेला बसविणे ही दुहेरी कसरत होती.

दि. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविण्यात आली. १८९७ मध्ये पुण्यात घराच्या दारात बंदूकधारी सैनिक उभा होता; २०२० मध्ये त्या दारात तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन आशा स्वयंसेविका उभी राहिली. राज्यसंस्था आणि कुटुंब यांच्या संबंधांतील हे परिवर्तन स्वागतार्हच होय. तथापि ही स्वयंसेविका अल्प मानधनावर काम करणारी, स्वतःचे घर आवरून बाहेर पडलेली गावातीलच स्त्री होती. घराच्या आतील आणि घराच्या दारातील अशा दोन्ही जबाबदाऱ्या स्त्रीच्याच वाट्याला आल्या. मोहिमेच्या नावातील ‘माझी’ हा शब्द व्यवहारात तिचाच ठरला.

परिणाम

नववी ते बारावीचे वर्ग दि. २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग दि. २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. परंतु दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग दि. १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरत आले होते. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आले. ही मुले आता माध्यमिक शाळांच्या उंबरठ्यावर आहेत आणि काही वर्षांतच महाविद्यालयात प्रवेश घेतील.

दुसऱ्या लाटेत ज्यांचे आईवडील दोघेही गेले त्या मुलांसाठी राज्य शासनाने जून २०२१ मध्ये ५ लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना जाहीर केली, तसेच विधवांसाठी ‘मिशन वात्सल्य’ हाती घेतले. विठाईंच्या काळात अशा आधाराची कल्पनाही नव्हती. तरीही ठेव ही मुलाच्या भविष्याची तरतूद आहे, त्याच्या रोजच्या अभ्यासाची नव्हे.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या बाह्य भिंतींवर पाठ रंगविण्यात आले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून शिकविण्यात आले. अनेक शिक्षकांनी पारावर, ओसरीवर, झाडाखाली पाच-सहा मुलांना अंतरावर बसवून शिकविले. प्लेगच्या काळात आपल्या पूर्वजांनी मोकळ्या हवेचा जो आश्रय घेतला होता तोच हा मार्ग होता. मुंबईतील चाळीसाठी योग्य असलेला नियम माणच्या माळालाही तसाच लावण्याऐवजी या मार्गास धोरणात्मक पाठबळ मिळाले असते, तर ग्रामीण मुलांचे वीस महिन्यांचे नुकसान निश्चितच कमी झाले असते.

निष्कर्ष

१) प्लेगने घर रिकामे केले, इन्फ्लुएन्झाने घर आजारी पाडले आणि कोविडने घर गच्च भरले. तिन्ही साथींत मुंबई-पुण्याकडील श्रमिकाचा अंतिम आधार गावाकडील घर हाच राहिला.

२) काम व शिक्षण घराबाहेर नेण्याची प्रक्रिया ही पश्चिम महाराष्ट्रात समतेच्या चळवळीशी निगडित होती. त्यामुळे ते पुन्हा घरात येताच घराघरांतील विषमता शिक्षणात परतली. घर हे तटस्थ स्थळ नसते.

३) घरातून काम व शिक्षण या व्यवस्थेचा प्रमुख भार स्त्रिया, मुली आणि लहान वयाची मुले यांनी वाहिला. १९१८ आणि २०२० यांतील हे साम्य केवळ योगायोग मानता येणार नाही.

४) भावी साथीचे नियोजन करताना ग्रामीण भागासाठी मोकळ्या जागेतील लहान गटांची शाळा, शिक्षकांना अन्य कामांतून सूट आणि मुलींसाठी स्वतंत्र साधन यांचा अंतर्भाव असावा.

५) प्लेगच्या काळातील सामान्य कुटुंबांच्या दैनंदिन जीवनाची साधने अत्यल्प आहेत, कारण ती कोणी जपली नाहीत. कोविडकाळातील व्हॉट्सअॅप संदेश, हजेरीपट, स्वाध्यायवह्या, किराणा व दुधाची खातेपुस्तके ही उद्याच्या इतिहासाची साधने असून फोन बदलला, वही रद्दीत गेली की तीही नष्ट होतील. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्यातील कुटुंबांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करण्याचे कार्य विनाविलंब हाती घ्यावे. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः ओसरीवर बसून, दुसऱ्याच्या फोनवरून शिक्षण घेतले, ते या कामासाठी सर्वाधिक पात्र संशोधक होत.